लोमटे सर, तुमची कापसातली बाई

सर, तुम्हाला शेळीनं नेलं असं सेलूत म्हणतात. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पण डॉक्टर परभणीला आहेत आणि शेळी इथं आहे. माणसं जवळच्यावर विश्वास ठेवतात. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशी ती पांढरी शेळी तुमच्या दारात उभी होती, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली माणसं आता एवढी झाली आहेत, की तुमच्या त्या बोळात ती सगळी मावली कशी हाच मला प्रश्न आहे. ती शेळी रोजच तुमच्या दारात उभी असायची, तुम्ही तिला केळीची सालं घालायचात आणि वहिनी तुमच्यावर ओरडायच्या, हे मात्र कुणाला आठवत नाही.

तुम्ही असतात तर हे ऐकून हसला असतात, आणि मग हसता हसता गप्प झाला असतात. कारण मुळात हे तुम्हीच लिहून ठेवलंय. ‘कापसातली बाई’, पहिलं प्रकरण: कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या फाटकातून एक पांढरी शेळी बाहेर पडते, आणि ती ज्या दारात थांबते त्या घरातलं माणूस जातं. हस्तलिखितात ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. तुम्हाला मी तसं सांगितलं नाही. मी म्हणाले, नुसतं ‘थांबते’ पुरेसं आहे, ‘भेसूरपणे थांबते’ कशाला?

एकाच शाळेत आपली सगळी नोकरी गेली. तुम्ही विज्ञान शिकवायचात, मी मराठी. वर्गात मुलांना सांगायचं, की सावली म्हणजे फक्त प्रकाशाला झालेला अडथळा. आणि सुट्टी लागली की घरी बसून त्याच सावलीला पाय फोडायचे, असा तुमचा दुहेरी संसार. भयकथा आणि रहस्यकथा, खिशात मावतील अशा, एसटी स्टँडवर नाहीतर रेल्वे स्टेशनवर विकल्या जाणाऱ्या. मुखपृष्ठावर केस मोकळे सोडलेली एक बाई हमखास असायची, आत तशी कुणी असो वा नसो.

“ही कोण?” मी विचारायची.

“मालूम नाही,” तुम्ही म्हणायचात. “प्रकाशकाच्या ओळखीतली असेल.”

शुद्धलेखन मी तपासायची. थोर साहित्यावर बोलणाऱ्या बाईनं हे काम का पत्करलं, याचं कोडं स्टाफरूमला शेवटपर्यंत सुटलं नाही. खरं कारण एवढंच, की पुढं काय होतं ते मला सगळ्यांच्या आधी कळायचं. तुमच्या एका वाक्यात काळीकुट्ट, भयाण आणि जीवघेणी अशी तिहेरी शांतता पसरायची. मी त्यातल्या दोन खोडायची. “वाघमारे बाई,” तुम्ही म्हणायचात, “माझा वाचक पालमच्या एसटीत बसलेला हाय. एका विशेषणात त्याला काय भीती वाटणार? गाडीच जास्त हादरायलीय.”

एकदा मी तुम्हाला सरळच विचारलं होतं, भूत असतं का हो सर? आमच्या आजोबांनी धर्म बदलला तेव्हा आमच्या घरातले देव गेले आणि त्यांच्या पाठोपाठ भुतंही गेली. एका फेरीत दोन्ही कामं झाली. त्यामुळं मला खरोखरीच चौकशी करायची होती. तुम्ही खडूचे हात झटकत म्हणालात, “छे हो. असतं तर मला कशाला लिहावं लागलं असतं?”

पण जागा तुम्ही कधी खोटी लिहिली नाहीत. तुमचा तो नेम होता. “भूत खोटं चालतंय बाई, दार खरं लागतंय.” सोनपेठकडं नदीत प्रेत सापडतं अशी एक रहस्यकथा तुम्ही लिहायला घेतलीत, तर आधी एसटीनं जाऊन नदीच्या काठावर दिवसभर बसलात. पाण्याला ओढ कुठल्या बाजूला आहे, माणूस वाहत आला तर कुठं अडकेल, हे तिथल्या लोकांना विचारत फिरलात. लोकांना वाटलं, धरणाचा सर्व्हे करायला आलेत. त्यांनी तुम्हाला जेवायला घातलं आणि जाताना जमिनीच्या मोबदल्याबद्दल निवेदन दिलं. ते निवेदन तुम्ही नेऊन खरोखरच तहसीलला दिलंत. प्रेत कादंबरीत बरोबर त्याच वळणावर अडकलं.

त्याच नेमानं तुम्ही एका उन्हाळ्यात स्टेशनापलीकडच्या बंद जिनिंगमध्ये गेलात. तिथं सुंदराबाई राहत होती, अजून राहते. तिचा नवरा जिनिंगचा वॉचमन. जिनिंग बंद पडली, मग नवरा गेला, मालक दूरच्या गावी. निघ म्हणायला कुणी आलं नाही म्हणून ती कोपऱ्यातल्या खोलीत शेळ्या घेऊन राहिली. दूध विकायची, करडं विकायची. तिनं तुम्हाला शेळीच्या दुधाचा चहा पाजला. तुम्ही तिचं पत्र्याचं फाटक लिहून घेतलंत, लिंब लिहून घेतला, गाठी बांधायचा गंजलेला प्रेस लिहून घेतला आणि पांढरी शेळीही. सुंदराबाईला तेवढं तुम्ही घेतलं नाहीत. तिच्या जागी कापसाच्या ढिगाखाली गुदमरून गेलेली एक बाई घातलीत, केसात कापूस घेऊन हिंडणारी. सुंदराबाईच्या केसात कडब्याचा भुसा असतो. पण एवढा फरक कोण करत बसतो?

पुस्तक चाललं. वाचलेल्यांनी ते न वाचलेल्यांना सांगितलं, आणि न वाचलेल्यांनी त्यात आपापली भर घातली. वर्षाच्या आत फाटकाशी लिंबू-नारळ दिसायला लागले. सुंदराबाईनं पहिल्यांदा ते सहज घेतलं. “चटणीला बरं झालं,” म्हणाली. मग गिऱ्हाइकं दूध नेईनाशी झाली. करडं बाहेरगावच्या माणसाला द्यायची वेळ आली. एक आई तापानं फणफणलेलं लेकरू कडेवर घेऊन आली आणि म्हणाली, “बाई, तुमची शेळी दारात आली व्हती. चुकलं असल तर पदरात घ्या, पन लेकराला सोडा.” सुंदराबाईनं तिला दवाखान्याचा रस्ता दाखवला. त्या दिवशी तिला पहिल्यांदा कळलं, की लोक तिला काय समजतात.

त्यावरून आपलं जे वाजलं, ते सगळ्या स्टाफरूमनं ऐकलं.

“कादंबरी हाय असं मुखपृष्ठावर छापलंय की,” तुम्ही म्हणालात.

“केस सोडलेली बाईपण छापलीय.”

“बाई, वाचणाराला माहीत असतंय हे खोटं हाय. म्हणून तर त्याला भ्यायला मजा येती.”

“आणि जो वाचत नाही त्याचं काय?”

तुम्ही तास नसताना वर्गावर निघून गेलात. त्या सुट्टीत तुम्ही दुसरा भाग लिहिलात. त्यात एक विज्ञान शिक्षक जिनिंगमध्ये जातो आणि एकेक आवाज, एकेक सावली उलगडून दाखवतो. शेवटी कळतं, शेळी दारात थांबते ती सालींसाठी. मी एकही शब्द खोडला नाही. तुमचं ते सगळ्यात प्रामाणिक आणि सगळ्यात कंटाळवाणं पुस्तक होतं. गावात ते कुणी हातात धरलं नाही. भुतासाठी लोक खिशात हात घालतात, खुलासा फुकट दिला तरी नको असतो. एक जुना वाचक तुम्हाला बाजारात भेटला आणि आस्थेनं म्हणाला, “सर, माझ्या पुस्तकात भूतच न्हाई. बांधताना पानं राहिली का काय?”

त्यानंतर तुम्ही तो रविवारचा उद्योग सुरू केलात. सकाळी भर बाजारातून चालत जिनिंगला जायचं, सगळ्यांना दिसेल असं फाटकाजवळच्या दगडावर बसायचं, चहा प्यायचा, आणि दुधाची किटली हलवत त्याच बाजारातून परत यायचं. माफी तुम्ही कधी मागितल्याचं मी ऐकलं नाही. दूध मात्र आणलंत, वर्षानुवर्षं. ओळखीच्या दोन-चार घरांनाही लावलंत, त्यात आमचंही. पांढरी शेळी तुमच्या मागोमाग घरापर्यंत यायला लागली ती तेव्हापासून. एरवी शेळीला कुणाच्या दारात रोज उभं राहायचं काय कारण होतं?

मला हे अपुरं वाटायचं. तुम्ही गावात सभा घ्यावी, चार शब्द ठणकावून सांगावेत, असं माझं म्हणणं. गेल्या महिन्यात आपण पुन्हा त्यावरच भांडलो.

“दूध पिऊन लोकांच्या डोक्यातलं जात नाही, सर.”

“न्हाई जात,” तुम्ही म्हणालात. “पण दूध तर जायलंय.”

मला याच्यावर एक चांगलं उत्तर सुचलं होतं. ते पुढच्या भेटीत द्यायचं म्हणून मी राखून ठेवलं. आता ते काय होतं हेही मला आठवत नाही.

तुम्हाला परभणीहून आणलं, दुपारनंतर सगळं उरकलं. ज्या घरातलं माणूस जातं तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणून देतात, आपल्याकडं त्याला कडू घास म्हणतात. दोन-तीन घरचं आलं होतं. तेवढ्यात सुंदराबाई दारात आली, डोक्यावर टोपलं, त्यावर धुतलेलं फडकं. ओसरीवरच्या बायका सरकल्या. वहिनींचा भाऊ उठला आणि आडवा झाला.

“बाई, इथं ठिवू नका. आमच्याकडं आलंय सगळं.”

“कोण हाय रे?” आतून वहिनींनी विचारलं.

“ती जिनिंगवाली.”

“मग तू कामून वाट अडवायलास? सुंदरा, आत ये.”

सुंदराबाई आत आली, भिंतीला टेकून बसली. वहिनींनी फडकं काढलं. “सर म्हणायचे, सुंदराचं पिठलं खारट असतंय. बघू.” त्यांनी भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली, तोंडात घातली. सगळं घर त्यांच्या तोंडाकडं बघत होतं. वहिनींनी सावकाश चावलं, गिळलं आणि म्हणाल्या, “खारटच हाय.” मग सुंदराबाई रडली. त्या दिवशी वहिनी तोवर रडल्या नव्हत्या, त्याही रडल्या. त्या दोघींशिवाय ते पिठलं फक्त मी खाल्लं. फार खारट होतं, सर. तुम्ही रविवारी चहावर का थांबायचात ते कळलं.

मला वाटलं, मिटलं. जिच्या घरातलं माणूस गेलं तिनंच सगळ्यांदेखत तो घास खाल्ला, आता कुणाला काय बोलायचं राहिलं? सगळी नोकरी शिकवण्यात गेल्यावरही माणसाच्या समजुतीवर माझा एवढा भरवसा होता.

मग तुमची शोकसभा झाली. शाळेच्या हॉलमध्ये मोठा फलक होता. तुमचा फोटो मधोमध, आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो चहूबाजूंनी, तुमच्याहून ठळक. त्यातल्या एका पुढाऱ्याचे हात जोडलेले होते, बहुतेक मागच्या निवडणुकीतला फोटो असावा. तुम्ही मागच्या बाकावर बसून कुणी तुमचं पुस्तक वाचलंय ते ओळखायचा खेळ खेळला असतात, आणि लवकर मोकळे झाला असतात. एकानं तुम्हाला साहित्यसूर्य म्हटलं. मग त्या हात जोडलेल्या पुढाऱ्याला सूर्याच्या वर काही सापडेना, म्हणून तो थेट भुतावर आला. म्हणाला, “सरांनी जिला जन्म दिला, तीच कापसातली बाई सरांना न्यायला आली. आदल्या दिवशी ती शेळी दारात उभी होती, बंधू-भगिनींनो, हा काय योगायोग समजायचा?” त्याला ते काव्य वाटलं होतं. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण वाजल्या. त्या भरात त्यानं जिनिंगची जागा मोकळी करून तिथं तुमचं स्मारक करायचंही जाहीर केलं. जागा कुणापासून मोकळी करायची, ते तो बोलला नाही.

वहिनी उठल्या. माईक त्यांच्यासाठी फार वर होता, त्यांनी तो खाली ओढला. “स्मारक नको. ते तिथं बसून चहा प्यायचे, तेवढं बास,” म्हणाल्या आणि बसल्या. अध्यक्षांनी वहिनींच्या दुःखात सगळे सहभागी असल्याचं सांगितलं आणि स्मारकाचा ठराव एकमतानं मंजूर केला. मला सगळ्यात शेवटी बोलायला दिलं, वेळ संपल्यावर. मी म्हणाले, सर विज्ञान शिकवायचे, भुतावर त्यांचा विश्वास नव्हता, त्यांचं हृदय आधीपासून कमजोर होतं. रहस्यकथेचा शेवट आधीच फोडणाऱ्याकडं बघतात तसं लोकांनी माझ्याकडं बघितलं.

टाळ्यांचं वाक्य संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर फिरलं. माझं फिरलं नाही.

परवा दुपारी मी जिनिंगवर गेले, तर सुंदराबाईनं बोचकी बांधली होती. भांडी पोत्यात, गोधड्यांची वळकटी फाटकाशी. पालमला तिचा भाऊ असतो. तो दुसऱ्या दिवशी टेम्पो पाठवणार होता, शेळ्यांसकट.

“कुणी काही बोललं का?”

“न्हाई वो म्याडम. बोलले असते तर मीबी बोलले असते. कुणी बोलंनाच.” तिनं पोत्याचं तोंड आवळलं. “तुमचं घर आन् सरांचं घर सोडलं तर दूध कुणी न्हेईना. काल दोघंजन आले, हळद-कुकू वाहिलं, माज्या पाया पडले. म्हनले, आई, आमच्या गल्लीत नका येऊ. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.”

भावाच्या घरी तिच्यासाठी जागा नव्हती, हे ती बोलली नाही. शेळ्या तो विकणार होता, हे मात्र बोलली.

मी काय सांगणार होते? माझ्याकडं सभेतलं भाषण उरलं होतं, तेवढंच. ती पोत्यावर बसली आणि म्हणाली, “म्याडम, एक इचारू का? त्या पुस्तकात हाय तरी काय? सरांना लय डाव म्हनलं, मला वाचून दाखवा. सर म्हनायचे, तुला वाचून दाखवण्यासारकं न्हाई गं ते.”

सर, एवढी वर्षं जिच्या नावानं सगळं गाव घाबरत होतं, तिला ते पुस्तक कुणी वाचून दाखवलेलं नव्हतं. मी शाळेत गेले, वाचनालयातली प्रत काढली, आणि उन्हं कलायच्या आत परत आले. लिंबाखाली बसले. शेळ्या आजूबाजूला बसल्या. मी वाचायला लागले.

तुम्ही ते बघायला हवं होतं. फाटकाचं वर्णन आलं तशी तिनं वळून आपल्या फाटकाकडं बघितलं, आणि पुस्तकातलं जास्त खरं असावं तशी मान हलवली. कापसाचा ढीग हलतो तिथं तिनं पदर तोंडावर धरला. “थांबा, थांबा,” म्हणाली, “तिच्या मागं कोन हाय?” मी म्हणाले, कळेल. “आत्ता सांगा की,” म्हणाली. भर दिवसा, स्वतःच्या फाटकाला ती भ्यायली. आणि मजेत होती. जो वाचतो त्याला खोटं आहे हे माहीत असतं, असं तुम्ही म्हणायचात. ऐकणाऱ्यालाही माहीत असतं, सर. फक्त त्याला सगळं ऐकवावं लागतं, नुसतं सांगून भागत नाही.

कापसातली बाई रिकाम्या जिनिंगमध्ये हाका मारत हिंडते आणि कुणी ओ देत नाही, ते पान संपलं. सुंदराबाईनं पदर तोंडावरून खाली घेतला. मग म्हणाली, “ही मी न्हाई.”

“कामून?”

“हिच्याकडं कुणीच येत न्हाई. माज्याकडं सर यायचे.”

मला पुढची ओळ सापडेना. तुमच्या पुस्तकांची आतापर्यंतची सगळी परीक्षणं मी वाचली आहेत. ती फार नाहीत, आणि त्यातली निम्मी मीच दुसऱ्या नावानं लिहिलेली आहेत. याच्या जवळपास जाणारं एकही नाही. तुम्ही माफी मागत नाही म्हणून मी तुमच्याशी भांडत राहिले, आणि इकडं ती केव्हाच मागून झाली होती, घेतलीही गेली होती. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. पण तेव्हा मला ते कळलेलं नव्हतं, आणि आता तुम्ही नाही.

ऊन उतरलं. मी म्हणाले, बाकीचं राहू द्या. तिनं मोबाइल काढून भावाला लावला. “दादा, टेम्पो उद्या नगं. न्हाई, तब्येत बरी हाय. एक काम राहिलंय.”

काल गेले तेव्हा रेल्वेलाइनीपलीकडच्या वस्तीतल्या दोन बायका फाटकाबाहेर उभ्या होत्या, सरपणाचं निमित्त करून. मी वाचायला लागल्यावर त्यातली एक आत आली, कारण बाहेरून नीट ऐकू येत नव्हतं. सुंदराबाईनं तिला सरकून जागा दिली. पांढरी शेळी त्या बाईच्या पायाशी जाऊन उभी राहिली, तेव्हा तिनं पाय जवळ ओढून घेतले. पण उठून गेली नाही. गोष्ट ऐन रंगात होती. एकीनं कुणालातरी सांगितलं असावं, कारण आज चौघीजणी होत्या. जाताना एकीनं दूध नेलं. गावाचं मत बदललं, असं मी म्हणणार नाही. चार बायका गोष्ट ऐकायला बसल्या, एवढंच. स्मारकाचा ठराव तसाच आहे आणि तो पुढारीही.

आज वाचन ऐन भरात असताना भावाचा फोन आला. टेम्पोवाला खोळंबलाय, नक्की कधी पाठवू ते सांग, असं तो विचारत असावा. सुंदराबाईनं फोनवर हात ठेवला आणि मला विचारलं, “म्याडम, अजून किती हाय?”

“या पुस्तकाचं थोडंच,” मी म्हणाले. “पण सरांनी लय लिहून ठेवलंय.”

तिनं हात काढला. “दादा, सरांचं लय राहिलंय. मी न्हाई येत.”